दातखिळीच्या सुईचा गुलाबी कागद

१६ फेब्रुवारी १९७१

विठू गेला. मुंबईच्या हॉस्पिटलातून दुपारी निरोप आला.

परवा त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात आणला तेव्हाच मला कळलं होतं. जबडा आवळलेला, मान मागे ताणलेली, आणि डोळे मात्र पूर्ण शुद्धीत. धनुर्वात. मिठागरात काम करताना कालवाचं शिंपलं तळपायात घुसलं होतं. बारीकशी जखम. हळद दाबून पुन्हा कामाला गेला. आमच्या राई गावचाच, आमच्या घरामागच्या आळीतला. लहानपणी आम्ही एकत्र चिंचा पाडल्यात.

डॉक्टर नारिंगरेकर — दवाखाना त्यांचा, मी त्यांच्या हाताखालची तरुण डॉक्टर — म्हणाले, "पाटीलबाई, आपल्या हातात होतं ते आपण केलं."

खरं आहे. पण घरी येईपर्यंत एकच गोष्ट डोक्यात. विठू गेल्या पावसाळ्यात तापासाठी आमच्याकडे आला होता. दिवाळीनंतर खोकल्यासाठी आला. त्याच बाकावर बसून मिक्श्चरची बाटली घेऊन गेला. दंडावर दोन सुया, महिन्याच्या अंतराने — एवढं झालं असतं तर तो आज मिठागरात असता. पण धडधाकट मोठ्या माणसाला सुई घे असं सांगायची आपल्याकडे रीतच नाही. सुया मुलांना. मोठ्यांना फक्त औषध.

१७ फेब्रुवारी

आज जो येईल त्याच्या पायाकडेच बघत होते. घशाचं दुखणं घेऊन आलेल्या माणसालाही म्हटलं, "चप्पल काढा बघू." बिचारा घाबरला.

जखम नाही असा पाय भाईंदरात नाही.

१९ फेब्रुवारी

सुचलं!

लवू — आमचा कंपाउंडर, डॉक्टरांकडे माझ्या जन्माच्या आधीपासून आहे — गोळ्यांच्या पुड्या बांधत होता. पुडीचा कागद बघितला तर औषधाच्या कंपनीचा माणूस दर खेपेला देऊन जातो तो इंग्रजी कागद. धनुर्वाताच्या लसीचा, टॉक्सॉईडचाच! कंपनीने छापला, आमच्यापर्यंत आला, आणि रोग्याच्या घरी गेला तो ॲस्पिरिन गुंडाळून.

मग तोच कागद मराठीत, साध्या भाषेत लिहून प्रत्येक मोठ्या माणसाच्या हातात दिला तर? तो काहीही घेऊन येवो — ताप, खरूज, बायकोचं डोकं. आला की कागद. बाकावर तो एवढा वेळ बसतोच. वाचील. नाहीतर शेजारचा वाचून दाखवील.

संध्याकाळी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावर परत पुसला.

"आजारी माणूस आपल्याकडे बरा व्हायला येतो," म्हणाले. "बऱ्या माणसाला टोचून आपण त्याचा दंड सुजवायचा? दोन दिवस त्याची मजुरी बुडेल. तो दहाजणांना सांगेल. आणि ते दहाजण खरा ताप आला तरी येणार नाहीत."

मी वाद घातला. मग ते वेगळंच बोलले. शिकत असताना वॉर्डात त्यांनी एकाला घोड्याच्या रक्तापासून केलेलं धनुर्वाताचं सीरम देताना पाहिलं होतं. बोट चेचलेला जवान माणूस. सीरम दिलं, आणि तो तिथल्या तिथे निळा पडून गेला. "मी त्याचा हात धरून उभा होतो."

"पण ते सीरम, डॉक्टर. ही लस आहे. यात घोड्याचं काही नाही."

"मला माहीत आहे. पुस्तकात वाचलंय मी. हाताला पटत नाही."

शेवटी म्हणाले, करा. कागद द्या, सुया द्या. पण माझ्या तोंडून मी कुणाला एक शब्द सांगणार नाही.

चालेल! माझं तोंड आहे.

२१ फेब्रुवारी

रविवार. सकाळपासून लिहीत बसले. 'धनुर्वात-प्रतिबंधक लसीकरण : प्रौढांसाठी माहिती.' मला फारच आवडलं होतं. बाबांना वाचून दाखवलं.

बाबा म्हणजे धर्माजी पाटील, राईतले. शेती थोडी, बाकी आयुष्य मिठागरात. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कनचा वात?"

"धनुर्वात, बाबा. विठूला झालेला."

"ती दातखिळी. मंग दातखिळी लिव ना."

प्रतिबंधक म्हणजे काय, विचारलं. प्रौढ म्हणजे? जंतू म्हणजे किडा काय? प्रत्येक शब्दाला अडले. शेवटी मी पूर्ण कागद फाडला. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "इठूचं नाव घाल. मंग समद्यांना कलंल."

मी म्हटलं, असं कुणाचं नाव कसं घालायचं? आई म्हणाली, चंपाला इचार.

२२ फेब्रुवारी

चंपाला विचारलं. विठूची बायको. दारात बसली होती, पोरगी मांडीवर. मी कागदाचं सांगितलं. म्हटलं, नको असेल तर नाही घालणार.

पोरीला जवळ ओढलं. मग म्हणाली, "घाल. नाव घाल. आन् खाली लिव, त्याला दोन लेकरा हाईत."

घरी येऊन एका बैठकीत लिहिलं. एकही शब्द खोडावा लागला नाही —

"राईचा विठू मिठागरात कामाला होता. पायात कालवाचं शिंपलं घुसलं. जखम बारीक होती. थोड्या दिवसांनी दातखिळी बसली आणि विठू गेला. त्याला दोन मुलं आहेत.

दातखिळी मातीतून, शेणातून, गंजक्या लोखंडातून जखमेवाटे अंगात शिरते. एकदा आली की डॉक्टरच्या हातात फार थोडं उरतं. आधी सुई घेतली तर ती येत नाही.

सुई दंडावर. आज एक, महिन्याने दुसरी, वर्षाच्या आत तिसरी. दंड दोन दिवस दुखेल, मग थांबेल.

ही लहान मुलांची सुई नाही. मिठागरात, होडीवर, शेतात, रेतीवर राबणाऱ्या मोठ्या माणसांची सुई आहे.

आज दुसऱ्याच दुखण्यासाठी आला असाल, तरी विचारा."

बाबा या वेळी एकाही शब्दाला अडले नाहीत. म्हणाले, "हां. आता झाला."

५ मार्च

मगनभाईंकडे गेले. स्टेशनजवळ छापखाना, सगळ्या भाईंदरच्या लग्नपत्रिका तिथेच छापतात. मी साधा पांढरा कागद सांगितला. मगनभाईंनी मान हलवली.

"बेन, सफेद पे छापेगा तो लोग पुडी बांधेगा. ये लो. गुलाबी. लगनवाला कागद हाय. लगन का कागद कोई फेकता नहीं."

केवढं शहाणपण! लगेच हो म्हटलं. नमुना बघितला तर चारी बाजूंनी केळीचे खांब, आणि वर 'श्री'. म्हटलं, श्री काढा, समुद्रकाठच्या उत्तनचे ख्रिस्ती रोगीही येतात आमच्याकडे. तर तिथे आंब्याची पानं टाकली. म्हणाले, "आम तो सब खाते हैं."

केळीचे खांब तसेच राहिलेत. असू देत.

११ मार्च

पहिला दिवस. पहाटेच उठून तयार — परीक्षेला असायचे तशी.

सुयांची लस मुंबईहून आली आहे. थर्मासात बर्फ घालून ठेवलीय. बर्फ मासळीबाजारातला, त्यामुळे थर्मासाला बोंबलाचा वास. डॉक्टरांनी नाक उडवलं, बोलले काही नाहीत. शब्दाचे पक्के!

लवूने दारातच पहिल्या रोग्याला कागद दिला. त्याने उलटसुलट बघून विचारलं, "कुनाचं लगीन?"

लवू म्हणाला, "वाच तरी."

"मना वाचता कुठं येतंय?"

मग लवू वाचायला उभा राहिला. हा माणूस एरवी "दिवसातून तीनदा, जेवणानंतर" याच्यापुढे बोलत नाही. आज बाकासमोर उभं राहून विठूचं वाचलं, आणि दोन मुलांची ओळ दोनदा वाचली.

सुई कोणी घेतली नाही. तरी काय छान दिवस होता.

१२ मार्च

कोणी नाही.

१५ मार्च

आजही नाही. पण संध्याकाळी दवाखान्याबाहेरचा रस्ता मुद्दाम बघून आले. गुलाबी कागद एकही पडलेला नव्हता. मगनभाई जिंकले.

१८ मार्च

पहिली सुई!!

सुगंधाबाई. बाजारात भाजी विकतात, आवाज स्टेशनापर्यंत जातो. कंबर दुखते म्हणून आल्या होत्या. कागद पदराला बांधूनच आणला होता — कुणाकडून तरी आधीच मिळालेला.

"ह्यात लिवलंय इचारा. म्हनून इचारते. दुखंल?"

"दुखेल थोडं."

"खोटं बोलली अस्तीस तर उठून गेले अस्ते," म्हणाल्या आणि दंड पुढे केला.

मी सुई दिली. त्या हलल्यासुद्धा नाहीत. पडद्याआडून डॉक्टर बघत होते. सुगंधाबाईंना मी थोडा वेळ बसवून ठेवलं, तर तेवढ्यात त्यांनी बाकावरच्या सगळ्यांना मीच कशी शूर ते सांगून टाकलं. आणखी दोघांनी घेतली. लवूने सुया उकळताना चक्क शीळ वाजवली.

२ एप्रिल

रोज कोणी ना कोणी विचारतं. मी सांगत नाही, कागद सांगतो, आणि माणूस विचारतो — सगळी गंमत त्यात आहे. मी स्वतःहून सांगितलं असतं तर "बघू" म्हणून निघून गेला असता. त्याने विचारलं की निम्मं काम झालेलं असतं.

फक्त आमच्या घरात कोणी विचारत नाही. बाबांसमोर पाटावर कागद ठेवला. म्हणाले, "मना काय झालंय? पन्नास वर्सं मिठात हाय. माजं रगत खारट झालंय, किडा मरंल."

६ एप्रिल

आज जे झालं ते लिहायलाच हवं.

दुपारी दवाखान्यात गलका. बघते तर मिठागरातली माणसं, आगरातून थेट आलेली, पायांवर पांढरं मीठ वाळलेलं. पुढे चंपा. आणि सगळ्यांच्या मागे, मान खाली घालून, बाबा!

चंपा कालपासून पुन्हा मिठागरात कामाला जाते. तिथे जेवायच्या सुट्टीत तिने सगळ्यांना ऐकवलं होतं. कागद तिला पाठ आहे. बाबांना म्हणाली म्हणे, "धर्माजीकाका, लेक डाक्टर आन् तुमी असं मरनार?"

बाबांचा नंबर आला तेव्हा मी सुई भरली. तर म्हणाले, "तू नको. तुजा हात कापंल. मोठ्या डाक्टरला सांग."

सुई माझ्या हातात तशीच. डॉक्टर खुर्चीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. उठले. हात धुतले — नेहमीपेक्षा जास्त वेळ. माझ्या हातातून सुई घेतली आणि बाबांच्या दंडात दिली. इतकी हलक्या हाताने की बाबा म्हणाले, "झाली?"

मग डॉक्टर बाबांच्या शेजारी बाकावर बसले. त्यांचं मनगट धरून. बाहेर रोगी खोळंबलेले, तरी उठले नाहीत. बाबांना वाटलं, मोठ्या डॉक्टरांना गप्पा मारायच्यात. त्यांनी मीठ कसं पिकतं ते सगळं सांगितलं. बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी मनगट सोडलं. म्हणाले, "बरे आहात तुम्ही, पाटील."

उरलेल्या माणसांना मी दिली. ते बघत उभे राहिले.

१९ एप्रिल

सुगंधाबाई दुसऱ्या सुईला हजर. सोबत जाऊ, नणंद आणि बाजारातली नारळवाली. जाऊ म्हणते, घेतली नाही तर ही रोज बोलून जीव घेईल.

१० मे

उत्तनची सेलीन आली होती, मुलाचा खोकला घेऊन. नवरा अल्फान्सो, स्वतःची होडी आहे. चुणचुणीत बाई, शाळेत शिकलेली. कागद वाचला आणि सरळ म्हणाली, "मना अजून पायजेल. पुष्कळ." मी मूठभर दिले. म्हणाली, "आमच्या होडीवर गळ रोज कुनाच्या ना कुनाच्या हातात जातो. गंजलेला. आमी तंबाकू लावतो."

"तुम्ही आत्ता घ्या सुई."

"मी घेन. पयला नवऱ्याला आनते. तो पलून जाईल न्हायतर."

१४ जून

आणला!

होड्या आता किनाऱ्यावर ओढल्यात, पावसाळाभर मासेमारी बंद. सेलीनने रविवारी देवळातून, म्हणजे चर्चमधून, माणसं बाहेर पडताना पायऱ्यांवर उभं राहून कागद वाचला होता. फादरनी आधी बघून घेतला, मग म्हणाले वाच. आज सकाळच्या एसटीने अल्फान्सो आणि त्याच्या ओळखीचे खलाशी आले. एवढी दांडगी माणसं — सुई बघितल्यावर एकमेकांना पुढे ढकलत होती. अल्फान्सो सगळ्यांत मोठा, खिडकीतून बाहेर बघत राहिला आणि टोचल्यावर "आई गं" म्हणाला. पूर्ण बाक हसला. तोही.

डॉक्टर आता सुया देतात. माझ्याएवढ्याच. कुणाला सांगत मात्र अजून नाहीत. कुणी विचारलं तर कागदाकडे बोट दाखवतात.

१३ जुलै

उत्तनकर दुसऱ्या सुईला आले! मला वाटलं होतं निम्मे तरी विसरतील. एसटी चिखलात अडकली तर उरलेला रस्ता चालत आले. अल्फान्सोने या वेळी "आई गं" म्हटलं नाही. म्हणाला, "आता सेलीनला सांगा, मी वरडलो न्हाय."

मगनभाईंकडे पुन्हा छापायला टाकलंय. लग्नाचा हंगाम संपलाय, आता त्यांना आमचंच काम. माझ्या पायांना जमीन लागत नाहीये.

५ ऑगस्ट

काहीतरी बिनसलंय. तीन दिवस एकही सुई नाही. उत्तनचं तर कोणीच नाही — तापाचं नाही, पोटाचं नाही.

७ ऑगस्ट

लवूने बातमी आणली. सांगायला तयार नव्हता, माझ्यासमोर लाजत होता.

तालुक्याला नसबंदीचं शिबिर होऊन गेलं. जीप गावोगाव फिरली. तेव्हापासून कुणीतरी उठवलंय की गुलाबी कागदाची सुई ही नसबंदीचीच सुई आहे. पुरावा? माझाच कागद! 'ही लहान मुलांची सुई नाही. मोठ्या माणसांची सुई आहे.' "मोठ्या मानसांचीच का? समजून घ्या," असं होड्यांपाशी बोलतात म्हणे.

मी ते वाक्य किती प्रेमाने लिहिलं होतं.

१० ऑगस्ट

बाक रिकामा. लवू उगाच बाटल्या पुसतोय. डॉक्टर वर्तमानपत्र वाचतात, पान उलटत नाहीत.

मीच म्हटलं, "डॉक्टर, बंद करू या. तुमचा दवाखाना बुडवला मी."

त्यांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. गुलाबी कागद मागितला. सगळा वाचला — पहिल्यांदाच, मला वाटतं.

"यात खोटं काय आहे?"

"काही नाही."

"मग बंद कशाला? ते एक वाक्य बदला. 'बाया, पुरुष, म्हातारे, सगळ्यांची सुई' असं करा. याने मूल व्हायचं थांबत नाही, तेही लिहा, स्पष्ट. आणि खाली माझं नाव छापा. आजवर तुमचा कागद होता. आता दवाखान्याचा."

मी कागदाच्या कडेला लिहून घेत होते. तर म्हणाले, "आणि पाटीलबाई, मला सुई द्या. बाहेर. बाकासमोर."

११ ऑगस्ट

मोठ्या डॉक्टरांनी बाकासमोर बाही वर केली. बाकावर चार माणसं होती, त्यांत सुगंधाबाई. मी सुई दिली. डॉक्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, मीही घेतली."

सुगंधाबाई म्हणाल्या, "तुमचं काय जातंय डाक्टर, तुमी म्हातारे."

डॉक्टर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. पण बाईंचं खरं आहे. ह्याने काही होणार नाही.

२७ ऑगस्ट

नवा कागद छापून आला. घरोघरी गणपती, तरी लवू राईत, मी बाजारात, डॉक्टर स्टेशनवर — हो, स्वतः डॉक्टर, सकाळी मुंबईला जाणाऱ्यांच्या हातात कागद देत उभे. आणि बोलत होते! "वाचा. शंका असेल तर दवाखान्यात या. नाही, पैसे मागायला नाही उभा."

भाईंदरचे लोक हळूहळू परत येताहेत. तापाला, खोकल्याला. सुईला अजून नाही. उत्तन बंदच.

२८ सप्टेंबर

सेलीन आली!

एकटीच. चेहरा ओढलेला. दोन आठवडे सकाळी उलट्या होतात म्हणाली. तपासलं. मला हसू आवरेना, आणि तिला कळेना की डॉक्टरीणबाई हसते का.

"सेलीन, तिसरा महिना चालू आहे तुम्हाला."

ती उठून बसली. बोटांवर काहीतरी मोजलं. मग तिलाही हसू फुटलं, असं की पलंगावरून पडते की काय.

"दोन सुया," म्हणाली. "अल्फान्सोने दोन सुया घेतल्या हाईत. दोन!"

पदर सावरून बाहेर गेली आणि बाकासमोर उभी राहिली. "ऐका. ही सुई माझ्या नवऱ्याने जून-जुलैत घेतली. एक न्हाय, दोन. आन् मना तिसरा महिना हाय. आता बोला कोन काय बोलतो ते."

सुगंधाबाई टाळी वाजवून म्हणाल्या, "ही खरी सुई!"

सेलीनला सांगितलं की आता तिनेही घ्यायला हवी — पोटातल्या बाळालाही त्याचा आधार होतो, जन्मल्यावर नाळेतून दातखिळी होत नाही. तिची एक बहीण अशीच पोर घालवून बसली आहे, सातव्या दिवशी. ती एकदम गंभीर झाली. दंड पुढे केला. डॉक्टरांनी दिली.

जाताना म्हणाली, "आख्ख्या उत्तनला मी सांगन. माझं पोट पुढं येईल तसं आपोआप पन कलंल."

१ ऑक्टोबर

एसटीभर उत्तन!

कंडक्टर दवाखान्यात डोकावून गेला — हे सगळे नक्की कुठे चाललेत ते बघायला. त्यालाही कागद दिला. त्यानेही सुई घेतली!

होड्या समुद्रात गेल्यात, तरी माणसं खाडे करून आली. बायका जास्त. सुया संपल्या. लवू दुपारच्या गाडीने मुंबईला जाऊन आणखी घेऊन आला. अल्फान्सो दारात उभा राहून प्रत्येकाला आत सोडत होता, छाती ही एवढी फुगवून. कुणीतरी त्याला काही बोललं, तो म्हणाला, "हां, माझाच हाय. मंग?"

दंड भरून आलाय माझा, सुया देऊन देऊन. डॉक्टरांचाही. दोघांनी मिळून चहा घेतला.

६ नोव्हेंबर

उत्तनचे पाच-सहाजण आले होते. पुढे अल्फान्सोचा मोठा भाऊ एरिक. सुईसाठी नाही. मासळी वाळवायच्या जागेपलीकडे त्यांची एक कौलारू खोली रिकामी आहे. ती धुऊन, चुना काढून दिली तर डॉक्टर आठवड्यातून काही दिवस तिथे बसतील का?

"बाया भाईंदरपर्यंत कवा कवा येनार?" एरिक म्हणाला. "अडलेली बाई एसटीत बसत न्हाय."

डॉक्टर म्हणाले, विचार करून सांगतो.

मी रात्रीच्या जेवणाला बसेपर्यंत मनातल्या मनात उत्तनला राहायला गेलेसुद्धा! खोलीत पलंग कुठे, पडदा कुठे, कागद कुठे. आईला सांगितलं. म्हणाली, "येवढ्या लांब? एकली?" बाबा म्हणाले, "जाऊ दे तिला." उद्या रविवार, सोमवारी गेल्या गेल्या डॉक्टरांना स्वतःहून विचारणार, मला पाठवा म्हणून. नाही म्हणणार नाहीत आता.

८ नोव्हेंबर

दवाखाना उघडून बघते तर डॉक्टरांची बॅग नाही, टेबलावरचं बीपीचं मशीन नाही, भिंतीवरच्या खुंटीला छत्री नाही. लवू म्हणाला, "सकाळच्या एसटीने उत्तनला गेले. सोम, बुध, शुक्र तिथेच. म्हणाले, साठीत नवीन प्रॅक्टिस काढायची संधी परत कुठे मिळणार? आणि तुम्हाला सांगायला सांगितलंय — भाईंदरची माणसं पाटीलबाईंसाठी येतात, बाईंनाच तिकडे पाठवलं तर इथे कोण?"

बाक भरला होता. सगळे डॉक्टरांच्या खुर्चीकडे बघत होते, मग माझ्याकडे.

जाऊन बसले. पहिला रोगी आत आला, म्हणाला, "डॉक्टर, घसा दुखतोय."

मागे वळून बघितलं. मलाच म्हणत होता.